बाबासाहेबांचं बोट

संसदेच्या आवारातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण 2 एप्रिल 1967 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. शिल्पकार ब्रह्मेश वाघ, धातू ब्राँझ, उंची साडेबारा फूट. डाव्या हातात संविधान, उजवा हात पुढे आणि तर्जनी समोर रोखलेली. त्याआधी पुतळे नव्हते असं नाही. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी महात्मा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा 9 डिसेंबर 1950 ला बसवला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. पण आज वैजापूरपासून उदगीरपर्यंत कुठल्याही गावात शिरा, चौकात दिसते ती ठेवण दिल्लीच्या पुतळ्याची. कोट, चष्मा, खिशाला पेन, पुस्तक आणि ते बोट.

मराठवाड्यात या पुतळ्याला वेगळं वजन आहे. मिलिंद महाविद्यालय इथलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला आणि नाव प्रत्यक्ष लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत काय झालं ते इथल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. त्यामुळे पुतळा बसवायचा म्हटलं की पावतीपुस्तकं दोन दिवसांत छापून होतात, पैसाही जमतो. अडतं ते पुढे. समितीतल्या कुणी आयुष्यात एकदाही पुतळा करून घेतलेला नसतो आणि गुत्तेदार सांगेल ते खरं मानावं लागतं. हे लिखाण अशा समितीसाठी. जुना सिमेंटचा पुतळा काढून ब्राँझचा पूर्णाकृती, 9 फुटांचा पुतळा बसवायचा आहे, असं धरून चालू. सध्या सगळ्यात जास्त मागणी याचीच आहे.

आधी जुना पुतळा का तडकला ते बघा, कारण तीच चूक नव्यात वेगळ्या रूपाने येते. सिमेंटच्या पुतळ्यात पायातून वर गेलेली साधी लोखंडी सळई असते. रंगाला केसाएवढी भेग पडली की पावसाचं पाणी आत जातं, सळई गंजते, गंज फुगतो आणि सिमेंटला आतून फोडतो. पहिली भेग घोट्यावर दिसते, दुसरी मनगटावर. तर्जनीतली सळई तर सहा मिलीमीटरची असते नाहीतर नुसती बांधायची तार. दर जयंतीला वरून नवा निळा रंग बसतो आणि भेग आणखी एक वर्ष झाकली जाते. फायबरच्या पुतळ्याचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर भुरभुरतो, आतली काचेची तंतुजाळी उघडी पडते. फायबर ब्राँझसारखं रंगवून मिळतं आणि फोटोत फरक कळत नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं की कळतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवीन पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं आहे. त्यामुळे ‘चौकाच्या बरोबर मधोमध’ हा हट्ट पहिल्याच टेबलावर मोडतो. जागा रस्त्याच्या हद्दीबाहेरची आणि मालकीचा कागद स्पष्ट असलेली हवी. राज्यात सामान्य प्रशासन विभागाचा 2 मे 2017 चा शासन निर्णय हा पाया आहे. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेचे उतारे, पोलिसांचं ना हरकत, वाहतुकीला अडथळा नाही याचा दाखला, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची हमी आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांकडची मंजुरी, एवढं लागतं. जुना पुतळा बदलायचा असला तरी ही वाट चुकत नाही. ‘आहे त्याच जागी तर बसवतोय’ म्हणून रात्रीतून बदललेला पुतळा पुढे सगळ्यांच्या गळ्याशी येतो. 26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा, अनावरणानंतर नऊ महिनेही झाले नव्हते, कोसळला. तेव्हापासून आतल्या सांगाड्याच्या नकाशाबद्दल कार्यालयं कान टवकारून विचारतात. विचारायलाच हवं.

या सगळ्यात महत्त्वाचा कागद मातीच्या नमुन्याच्या मान्यतेचा, कारण पुतळा तिथे ठरतो. पुतळा आधी मातीत घडतो, मग मेणात उतरतो आणि शेवटी ब्राँझमध्ये ओतला जातो. ब्राँझ झाल्यावर चेहरा बदलता येत नाही. मेणात थोडा येतो, मातीत हवा तेवढा येतो. तरी बहुतेक समित्या मातीचं काम बघायला एकदाच, गाडी भरून, दुपारी जेवणानंतर जातात आणि पुतळ्यासोबत फोटो काढून परत येतात.

आधी दीड-दोन फुटांचा छोटा नमुना होतो. उभं राहण्याची ढब, हाताचा कोन, कोटाचा घेर हे त्यात ठरवायचं. मग पूर्ण मापाचा लोखंडी सांगाडा उभा राहतो. त्याला जाळी आणि तारेने बांधलेल्या लाकडी फुल्या लटकवतात. ओली माती स्वतःच्या वजनाने खाली सरकते आणि या फुल्या तिला धरून ठेवतात. 9 फुटांच्या पुतळ्याला पाऊण ते एक टन शाडू लागते. एप्रिल-मेमध्ये ती दिवसातून तीन-चारदा पाणी फवारून, ओली पोती आणि प्लास्टिक गुंडाळून जपावी लागते. नाहीतर सकाळी कोटाच्या बाहीला भेग दिसते. माप थोडं वाढवून धरतात, कारण ब्राँझ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं. 9 फुटांत दीड इंचाच्या वर उंची जाते. ‘नऊ फूट सांगितलं आणि पावणेनऊ भरलं’ ही भांडणं इथून निघतात. करारात ‘तयार ब्राँझची उंची, पायाखालची पाटी सोडून’ असे शब्द हवेत.

आता चेहरा. पुतळा 8 फुटांच्या चौथऱ्यावर उभा राहणार, म्हणजे डोळे जमिनीपासून साधारण साडेसोळा फुटांवर, आणि बघणाऱ्याचे डोळे पाच फुटांवर. खालून बघताना वरचं लहान दिसतं आणि हनुवटी पुढे येते. म्हणून जाणता शिल्पकार डोकं मोजमापापेक्षा किंचित मोठं ठेवतो, कपाळ थोडं पुढे झुकवतो. समितीतला कुणीतरी स्टुलावर चढून समोरासमोर फोटो काढतो, गावच्या ग्रुपवर टाकतो आणि रात्रीपर्यंत तीस जणांचं मत येतं की डोकं मोठं झालंय. शिल्पकार वैतागून डोकं लहान करतो. चौकात उभं राहिल्यावर तेच तीस जण म्हणतात, चेहरा बारका वाटतोय. मान्यता देताना स्टुलावर चढू नका. शक्य असेल तर पुतळा फळ्यांवर उचलून घ्यायला सांगा, नसेल तर जमिनीवर बसा आणि वीस-पंचवीस फूट मागे सरकून बघा. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 21 फुटांचा आणि चौथरा 31 फुटांचा आहे. तिथे खाली उभं राहून घोड्याची छाती किती दिसते आणि महाराजांचा चेहरा किती दिसतो ते एकदा बघून या, म्हणजे चौथरा उंच करण्याचा मोह आवरेल.

चष्मा मातीत सगळ्यात शेवटी लावतात. चेहरा चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह, दोन्ही वेळा बघा. गोल फ्रेम चढवली की कुणीही थोडाफार बाबासाहेबांसारखा दिसतो, आणि कच्चा शिल्पकार त्याच्यावर निभावून नेतो. गालांची भरगच्च ठेवण, खालच्या ओठाची जाडी, मागे सारलेल्या केसांची कपाळावरची रेघ हे चष्म्याशिवाय जुळलं पाहिजे. दुसरी गोष्ट सावलीची. मराठवाड्यात दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं. भुवई आणि फ्रेम यांची सावली पडून डोळे काळे खड्डे होतात. त्यावर उपाय म्हणजे बुबुळ खोल कोरून त्यात प्रकाश पकडणारा एक उंच ठिपका ठेवणं. तो ठिपका असला की खालूनही नजर जिवंत वाटते. फ्रेम ब्राँझच्याच सळईची, कानाजवळ जोडलेली असावी. काचा नकोतच. प्लास्टिकच्या काचा दोन उन्हाळ्यांत पिवळ्या पडतात आणि पुतळ्याला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो.

आणि बोट. वेरूळला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा: शिल्पांचं काय तुटलंय? हात, बोटं, नाक. अंगापासून सुटं, पुढे आलेलं जे जे आहे ते आधी जातं. शिल्पकार राम सुतारांनी तरुणपणी, 1950 च्या दशकात, पुरातत्त्व खात्यात असताना वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं होतं. पुढे संसदेसाठी त्यांनी केलेला ध्यानस्थ गांधीजींचा पुतळा आठवा, हात मांडीवर, सगळा आकार एका ढिगात. त्यात तुटण्यासारखं काही बाहेर नाही. बाबासाहेबांच्या या ठेवणीत मात्र अख्खा हात हवेत आहे आणि टोकाला एकटी तर्जनी. 9 फुटांच्या पुतळ्यात ती जेमतेम सहा इंचांची. जयंतीला शिडीवरून हार घालणारा माणूस तोल सावरायला काय धरतो? तेच. मोठे हार अडकवायला काय सोयीचं? तेच. म्हणून करारात लिहून घ्या: तर्जनी भरीव, आणि तळव्यातून मनगटापर्यंत आत स्टेनलेस स्टीलचा दांडा. मातीत बोट फार निमुळतं करू देऊ नका. खालून बघताना थोडं जाड बोट जाड दिसत नाही.

भरीव बोटाचीही एक खोड आहे. तळवा पोकळ, सहा-आठ मिलीमीटर जाडीचा, आणि बोट भरीव. पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग नंतर. नंतर थिजणारा भाग आकसताना शेजारून धातू ओढायला बघतो, तो मिळत नाही आणि बोटाच्या मुळाशी आत पोकळी किंवा बारीक चीर राहते. ओतारी तिथे एक जादा रायझर ठेवतो, म्हणजे आकसणाऱ्या धातूला वरून पुरवठा होत राहतो. तो ठेवला का, एवढं विचारा. विचारणारी समिती आली म्हटल्यावर बाकीचं कामही जरा नीट होतं, हा अनुभव सगळीकडचा आहे.

मातीवरून साचा घेतात. पूर्वी प्लास्टरचा, काथ्या घालून. आता बहुतेक ठिकाणी सिलिकॉन रबर आणि बाहेरून फायबरचं कवच. साच्याच्या आतून गरम मेण कुंच्याने थरावर थर लावत ब्राँझची जेवढी जाडी हवी तेवढं चढवतात. मेणात राळ मिसळलेली असते, म्हणजे ते जरा टणक राहतं. तरी चाळीस अंशांच्या वर ते लोळतं, कोटाच्या कडा खाली येतात. मेणाचं काम हिवाळ्यात उरकावं किंवा पहाटे करावं. मेणाचे तुकडे बघायला मात्र समितीने जायलाच हवं, कारण दुरुस्तीची ही शेवटची संधी. पुस्तकावरची अक्षरं, कोटाची बटणं, पेनची क्लिप, बोटाचं नख इथे तपासायचं.

मग मेणाच्या आतबाहेर विटांची भुकटी आणि प्लास्टर यांचा जाड लेप, भट्टीत दिवसच्या दिवस भाजणं, मेण वितळून जाणं आणि त्या पोकळीत 1100 ते 1150 अंशांचा रस ओतणं. घाई झाली आणि लेपात ओल राहिली तर वाफ होऊन धातूत बुडबुडे धरतात. बाहेरून सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, ती कारागीर ठोकून आणि लांबी (पुट्टी) भरून बुजवतो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तिथून हिरवे ओघळ सुटतात. 9 फुटांचा पुतळा एकसंध ओतत नाहीत. आठ-दहा तुकडे होतात: डोकं, धड, दोन हात, पाय, पुस्तक, पाटी.

धातू कुठला? आपल्याकडे पुतळ्यांना सर्रास 85-5-5-5 वापरतात: तांबं 85 टक्के, कथील, जस्त आणि शिसं पाच-पाच. याला बाजारात गनमेटलही म्हणतात. ओतायला छान, बारीक नक्षी उतरते. पण शिशामुळे वेल्डिंगला कटकट होते. शिसं आधी वितळून सांध्यात सच्छिद्रता येते. म्हणून नुसत्या वेल्डिंगच्या रेषेवर सांधा सोडू नये. आतून एका तुकड्याची कॉलर, म्हणजे कडेचा पट्टा, दुसऱ्यात बसावी, ती बोल्टने किंवा पिनेने धरलेली असावी आणि वरून आर्गन वेल्डिंग. खांद्याचा सांधा तर असाच हवा, कारण हात कायम ओढतोय.

फसवणूक होते ती दोन ठिकाणी, धातूत आणि जाडीत. हिशेब सोपा आहे. या ब्राँझचा 1 चौरस मीटरचा 6 मिलीमीटर जाड पत्रा सुमारे 52 किलो भरतो, 8 मिलीमीटरचा सुमारे 70. कोटाच्या चुण्या, पुस्तक, पाटी धरून 9 फुटांच्या पुतळ्याचं क्षेत्रफळ साधारण 6 चौरस मीटर. म्हणजे 8 मिलीमीटर जाडीला 420 किलोच्या आसपास ब्राँझ. गुत्तेदाराने ‘आठशे किलो’ सांगितलं तर आतलं लोखंड मोजलंय, आणि अडीचशे भरलं तर पत्रा पातळ आहे. आतला सांगाडा बसवण्याआधी वजन करायचं. मोंढ्यातल्या धर्मकाट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन पावत्या. जाडीसाठी पाटीच्या कडेला आणि पाणी निघायच्या भोकांपाशी व्हर्नियर लावा. धातूसाठी ओतताना उरलेल्या रनरचा (रस आत नेणाऱ्या वाटेत थिजलेल्या धातूचा) एक तुकडा समितीसमोर कापून, सह्या करून पाकिटात घाला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. हा खर्च पुतळ्याच्या खर्चात दिसतही नाही. उंची वाढवायचा आग्रह असेल तर आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा: 6 फुटांचा 9 केला की उंची दीडपट होते, पण धातू सव्वादोनपट आणि माती जवळजवळ साडेतीनपट.

पैसे एकदम देऊ नका. आगाऊ, माती मान्य झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, बसवल्यावर असे टप्पे. आणि दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

सांगाडा आतून स्टेनलेस स्टीलचाच हवा. साधं लोखंड ब्राँझला टेकलं आणि मध्ये ओल आली की लोखंड एरवीपेक्षा जोरात गंजतं. दोन वेगळ्या धातूंची ती छोटी बॅटरीच होते. समुद्रकाठी हे महिन्यांत होतं, आपल्याकडे वर्षांत, पण होतं. दोन्ही पायांतून पाइप वर जाऊन कमरेत जोडलेले, तिथून खांद्यापर्यंत आणि पुढे उजव्या हातात. ताशी 140 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 90 किलोच्या पुढे जातो. पुतळ्याची समोरची बाजू पावणेदोन-दोन चौरस मीटर धरली तर दीड-पावणेदोनशे किलोचा धक्का, आणि तो सगळा उतरतो दोन घोट्यांवर. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट विसरून लातूर-धाराशिवकडे तरी कुणी घोट्याचं डिझाइन करू नये. पाटीखालून चार ते सहा अँकर बोल्ट चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये दोन-अडीच फूट खोल जायला हवेत, आणि ते सळयांच्या जाळीला बांधून ओतलेले. नंतर ड्रिल करून ठोकलेले नकोत. बोल्टांची जागा पत्र्याच्या साच्यावर आखून शिल्पकाराकडून आणा. चौथरा बांधणारा आणि पुतळा करणारा यांची मापं अर्ध्या इंचाने चुकली की अनावरणाच्या आदल्या रात्री गॅस कटरने पाटीची भोकं मोठी करत बसावं लागतं.

चौथरा हा आपल्या भागातला खरा शत्रू, कारण खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पाया पक्का मुरूम लागेपर्यंत न्यायचा, मग तो चार फुटांवर लागो की नऊ. खड्डा भरताना तीच काळी माती परत ढकलू नका. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या. आणि एक कळकळीची विनंती: चौथऱ्याला लागून हिरवळ आणि कारंजं करू नका. उद्घाटनाच्या फोटोत ते छान दिसतं. पण रोजच्या पाण्याने एकाच बाजूची माती फुगलेली राहते आणि चौथरा कलतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे तुषार ग्रॅनाइटवर आणि ब्राँझवर पांढरे डाग पाडतात, ते निघता निघत नाहीत. फरशीचा उतार चौफेर बाहेर, झाडं दहा फुटांपलीकडे.

काँक्रीटला पाणी मारणं हा टँकरच्या गावात नाजूक विषय आहे. प्यायला पाणी नसताना चौथऱ्यावर कसं मारायचं? ओली पोती गुंडाळून वर प्लास्टिक बांधलं तर थोडक्या पाण्यात दोन आठवडे ओल टिकते. 28 दिवसांच्या आत पुतळा चढवू नका. ग्रॅनाइटच्या लाद्या नुसत्या सिमेंटच्या गोळ्यांवर चिकटवल्या की मागे पोकळी राहते, पाणी साचतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी भीमजयंतीच्या गर्दीत एखादी लादी सुटते. स्टेनलेसच्या क्लिपा लावून घ्या. मागच्या बाजूने हार घालायला कायमचा जिना आणि कठडा करा, त्याची उंची खांद्याच्या जरा खाली. म्हणजे बोटाला कुणी हात लावणार नाही.

तोंड कुठल्या दिशेला? शक्यतो उत्तरेला नको. सूर्य वर्षातला बहुतेक काळ आपल्या दक्षिणेला असतो, चेहरा कायम सावलीत राहतो आणि प्रत्येक फोटो काळा येतो. पूर्वेला तोंड असेल तर सकाळच्या मिरवणुकीला चेहरा उजळतो. शिवाय बोट कशाकडे जातंय ते जागेवर उभं राहून बघा. दारूच्या दुकानाकडे बोट गेलेल्या पुतळ्यावर गावं वर्षानुवर्षं विनोद करतात. शाळेकडे किंवा वाचनालयाकडे गेलं तर कुणाला सांगावंही लागत नाही.

रंगाबद्दल एवढंच, की खरा पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंग, धातू गॅसच्या ज्योतीने तापवून रसायन मारून येतो, वर मेणाचा हात. थिनरच्या फडक्याला काळं लागलं तर तो ऑइल पेंट आहे.

आणताना पुतळा ट्रकमध्ये पाठीवर, टायर आणि भुशाच्या पोत्यांवर झोपवायचा. उजवा हात सुटा आणून जागेवर जोडण्यापेक्षा जोडूनच आणावा, पण हाताखाली लाकडी घोडा हवा, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर खांद्याचा सांधा सैल होतो. उचलताना साखळी नको, पट्टे हवेत, आणि पट्टा काखेतून किंवा पाटीच्या हुकांना; गळ्यात आणि हातात कधीच नाही. हायड्रा क्रेनवर बारा टनांची ताकद लिहिलेली असली तरी बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांबवला की ती झपाट्याने घटते. आधी कंपाउंड, पायऱ्या, कमान बांधून टाकली तर क्रेन लांबूनच हात लांबवते. पुतळा आधी, कंपाउंड नंतर. रस्त्यावरच्या विजेच्या तारा आदल्या दिवशी मोजा आणि दोन तास लाइन बंद ठेवायचं पत्र आधीच द्या.

तारखांचं गणित उलटं मांडा. 14 एप्रिलला अनावरण हवं तर पुतळा मार्चअखेर चढलेला हवा, ओतकाम डिसेंबर-जानेवारीत, मेण नोव्हेंबरात, मातीला मान्यता दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे शिल्पकाराची माती गेल्या जूनमध्येच लागलेली असायला हवी. जानेवारीत नारळ फोडून ‘यंदाच्या जयंतीला’ म्हणणाऱ्या समितीला शेवटी रंगवलेलं फायबर मिळतं. कोनशिलेचा मजकूर ग्रॅनाइटवर जाण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात छापून विहारात आठ दिवस लावून ठेवा. नावांच्या क्रमावरून जी भांडणं व्हायची ती कागदावर झालेली बरी, आणि ‘अनावरण’मधला ‘ण’ चुकलेला असेल तर तोही कुणीतरी धरतो.

अनावरणाचा पडदा पुतळ्यावर टाकू नका. दोरी ओढली की कापड बरोबर तर्जनीत अडकतं, पाहुणे ओढत राहतात, आणि ओढण्याचा सगळा जोर त्या सहा इंचांवर येतो. पुतळ्याभोवती बांबूची चौकट करून त्यावर दोन भागांचा पडदा सोडा, डावीकडे आणि उजवीकडे सरकणारा.

मग जून-जुलै. पहिले दोन मोठे पाऊस झाले की बुटाच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेली भोकं शोधा आणि बारीक तार घालून मोकळी करा. पाणी स्वच्छ आलं तर ठीक. तांबूस आलं तर आत कुठेतरी साधं लोखंड आहे आणि ते गंजायला लागलंय. शिल्पकाराचा शेवटचा हप्ता अजून तुमच्याकडे आहे, त्याच आठवड्यात त्याला बोलवा. काहीच आलं नाही तर भोकं बुजलेली आहेत आणि पाणी आत घोट्याशी साचलंय, ड्रिल घेऊन या.